गिटार कॅबिनेट फाटल्यासारखं वाजतंय? स्पीकर बदलायच्या आधी हे सगळं बघा

डिस्टॉर्शन आपल्याला हवंच असतं, त्यासाठी पेडल घेतो, अ‍ॅम्पचा गेन चढवतो, आणि त्यामुळेच नको असलेलं डिस्टॉर्शन त्यात मिसळून जातं आणि बरेच दिवस लक्षातच येत नाही. मग कधीतरी क्लीन आवाजात साधा ई कॉर्ड वाजवला की खालून फरफर ऐकू येते आणि लगेच निष्कर्ष, स्पीकर उडाला. उडालेलाच असेल असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की स्पीकरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण त्याच्या आधी बघायच्या गोष्टी जवळपास फुकटात बघून होतात आणि नवा स्पीकर किंवा रिकोनिंग (स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, बदलून घेणं) म्हणजे खिशाला चाट.

मी इथे बारा इंची स्पीकरच्या कॅबिनेटबद्दल लिहितोय, एक, दोन किंवा चार स्पीकरवालं कुठलंही, कॉम्बो अ‍ॅम्प (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) असेल तरी बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

आधी नीट ऐका, स्क्रूड्रायव्हर नंतर

क्लीन चॅनल लावा, सगळे पेडल काढा, गिटार सरळ अ‍ॅम्पमध्ये. आता जाड ई तार उघडी वाजवा आणि एकेक फ्रेट वर चढत जा, प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत थांबा. घाई करू नका, अर्ध निदान इथेच होतं.

ठरावीक सुरावरच आवाज येत असेल, म्हणजे पाचव्या फ्रेटच्या ए वर येतो पण चौथ्या आणि सातव्यावर नाही, तर काहीतरी हलतंय. लाकूड, स्क्रू, तार, जाळी, काहीही. प्रत्येक वस्तूची थरथरायची आपली एक फ्रिक्वेन्सी असते आणि तेवढा सूर आला की ती जागी होते. सूर कुठलाही असो, पण आवाज एका पातळीच्या वर गेला की फाटतो, असं असेल तर स्पीकरला झेपत नाहीये किंवा अ‍ॅम्प क्लिप होतोय, म्हणजे ताकदीपलीकडे जाऊन सिग्नलची टोकं कापतोय. मधूनच येतो, मधूनच जातो, केबल हलवली की बदलतो, तर कुठलातरी जोड सैल आहे. आणि हळू आवाजातही प्रत्येक सुराला चिकटून खरखर येतेय, सूर विरताना तर जास्तच जाणवतेय, तर एकतर स्पीकरची कॉइल (कोनमागे मॅग्नेटच्या गॅपमध्ये हलणारी तारेची गुंडाळी) घासतेय नाहीतर ट्यूब अ‍ॅम्पच्या पॉवर ट्यूबचं बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणाऱ्या करंटची सेटिंग) फार थंड, म्हणजे कमी, आहे. हे चार प्रकार ऐकून वेगळे करता आले की पुढचं शोधकाम एकदम छोटं होतं.

हो, आणि खोलीकडेही बघा. शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी, भांड्यांचा स्टँड, खिडकीचं ग्रिल हे सगळे एकेका सुरावर वाजतात. जॅम रूममध्ये तर ड्रमच्या स्नेअरखालच्या तारा गिटारच्या आवाजाने झणझणतात, त्या लिव्हर खाली करून सैल सोडा आणि मग ऐका.

सुरक्षिततेचं आत्ताच सांगतो

ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता वाजवायचा नाही, चालू असताना स्पीकरची केबल उपटायची नाही. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तो खर्च स्पीकरपेक्षा मोठा. सॉलिड स्टेट अ‍ॅम्पला स्पीकर नसला तरी चालतं, पण मागे लिहिलेल्या किमान ओहमच्या (स्पीकरचा विद्युत रोध) खाली जायचं नाही. अ‍ॅम्पच्या चासीच्या आत हात घालू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट उरलेले असू शकतात. ह्या लेखात कॅबिनेट उघडायचं आहे, अ‍ॅम्प नाही.

दोष कॅबिनेटमध्येच आहे का?

आधी गिटार. अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर ९ व्होल्टची बॅटरी बदला, ती उतरली की आवाज अगदी स्पीकर फाटल्यासारखाच येतो, आणि हे इतक्यांदा घडतं तरी कुणी आधी बघत नाही. केबल बदला, जमलं तर गिटारच बदला.

मग अदलाबदल. तुमचा अ‍ॅम्प दुसऱ्या कॅबिनेटवर, आणि दुसरा अ‍ॅम्प तुमच्या कॅबिनेटवर. ओहम जुळताहेत ना तेवढं बघून. दोष कॅबिनेटबरोबर गेला तर कॅबिनेट, अ‍ॅम्पबरोबर गेला तर अ‍ॅम्प, विषय संपला. दुसरं कॅबिनेट नसेल तर मित्राकडे किंवा जॅम रूममध्ये अर्धा तास मागून घ्या, ह्या एका टेस्टला पर्याय नाही. अ‍ॅम्पला हेडफोन किंवा लाइन आउट असेल तर त्यावरही ऐकून अंदाज येतो, तिथेही फरफर असेल तर कॅबिनेटला हात लावायचं कारणच नाही.

अ‍ॅम्पकडे बोट जात असेल तर दोनतीन गोष्टी उघडल्याशिवाय करता येतात. इफेक्ट्स लूपच्या (अ‍ॅम्पच्या मागे पेडल जोडायचे दोन जॅक) सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावा. लूप न वापरता त्या जॅकच्या आतल्या पत्र्याच्या पट्टीवर गंज धरतो आणि सिग्नल तिथून फाटत जातो, पॅच केबल लावल्यावर आवाज स्वच्छ झाला तर दोष सापडला, जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहावीस वेळा आतबाहेर करा. दुसरं म्हणजे हेड (सुटा अ‍ॅम्प) कॅबिनेटवरून उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवा. झणझण गेली तर स्पीकरच्या धक्क्याने एखादी ट्यूब किंवा तिची पकड वाजत होती. कॉम्बोत हे फार होतं कारण ट्यूब स्पीकरच्या शेजारीच लटकलेल्या असतात, पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर हलकी टिचकी मारली आणि स्पीकरमधून टिंगटिंग मोठ्याने आलं तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, म्हणजे धक्क्याचाही आवाज करते.

एक फसवा प्रकार वेगळा सांगतो, भुताचा सूर. वरच्या फ्रेटवर बेंड केलं की मुख्य सुराखाली दुसराच एक बेसूर आवाज गुणगुणतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफाय झाल्यावर तिची लहर १०० हर्ट्झची होते, आणि अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले की ती लहर सिग्नलमध्ये मिसळून तुमच्या सुराच्या १०० हर्ट्झ खाली आणि वर जादा सूर तयार करते. पातळ ई च्या १२व्या फ्रेटला ६५९ हर्ट्झ वाजतो, त्याच्याखाली ५५९ चा येतो, जो धड सी शार्पही नसतो आणि डी पण नाही, म्हणून कानाला टोचतो. हा कॅबिनेट बदललं तरी राहतो, त्याला टेक्निशियन लागतो. पण कॅबिनेट बदलल्यावर गेला, तर तो कोनचा स्वतःचा आवाज आहे, कोनच्या कडेची घडी ठरावीक सुरांवर वेगळीच नाचते तेव्हा असं होतं. काही स्पीकरचा तो स्वभावच असतो, कडेला न सुकणाऱ्या चिकट डोपिंगचा पातळ थर दिला की कमी होतो. हा थर जाड दिला तर आवाजातला जीव जातो, त्यामुळे हात आखडता ठेवा.

केबल आणि जॅक

अ‍ॅम्प ते कॅबिनेट गिटारची केबल लावलेली असेल तर अ‍ॅम्प बंद करून ती आत्ताच काढा. दिसायला सारखीच, पण आतली तार केसासारखी, वर शील्ड, ती तापते, आवाज खाते आणि एखाद दिवशी आतल्या आत शॉर्ट होते. स्पीकर केबल म्हणजे दोन जाड तारा, बस. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची दोन तारांची तांब्याची वायर आणि दोन चांगले मोनो प्लग, घरी सोल्डर मारून होते.

मग जॅक. प्लग लावून हलवा, वाजवताना कुणालातरी हलवायला सांगा. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेत जे पाणी असतं त्याने जॅकची पट्टी हमखास काळी पडते. कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि पट्टी सैल झाली असेल तर किंचित आत वाकवणे. मोनो-स्टिरिओ स्विच असलेली जॅकप्लेट असेल तर स्विचही बरेच वेळा इकडून तिकडे करा, त्याचेही कॉन्टॅक्ट असेच मरतात. मागचा प्रत्येक सोल्डर टॉर्चने बघा, करडा आणि दाणेदार दिसला तर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड), परत मारा.

खडखड शोधणं

इथे वेळ घालवा. ठरावीक सुरावर येणारा आवाज बहुतेक वेळा ह्याच टप्प्यात सापडतो.

फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही अ‍ॅप घ्या, ते अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडा, साइन वेव्ह लावा आणि ६० हर्ट्झपासून ४०० पर्यंत हळूहळू सरकवत जा. आवाज मोठ्याने बोलण्याइतकाच ठेवा, कारण सलग साइन वेव्हने कॉइल गिटारपेक्षा खूप जास्त तापते, आणि ६० च्या खाली जायची गरजच नाही, गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची आहे. पुढच्या तारा ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३०. खडखड सुरू झाली की तिथे थांबा आणि तो आकडा लिहून ठेवा.

आता तळहात. टोन चालू ठेवून एकेका भागावर हात दाबत जा, जिथे हात लावल्यावर आवाज बंद तिथे चोर. मागच्या फळीचे स्क्रू, जाळीची फ्रेम आणि तिचं वेल्क्रो, पुढचा लोगो, कोपऱ्याचे प्लॅस्टिक, जॅकप्लेट, चाकं (ओढून निघणारी असतील तर काढूनच ठेवा), आणि हँडल. हँडलवर विशेष लक्ष. आमच्या बँडमधल्या एकाचं चार बाय बारा (बारा इंची चार स्पीकरचं कॅबिनेट) होतं, पाचव्या फ्रेटच्या ए वर झर्रर्र करायचं आणि इतर कुठेच नाही, एका दुकानदाराने चारही कोन बदला म्हणून सांगितलं होतं. ११० हर्ट्झ लावून मी हात फिरवत गेलो, डाव्या हँडलच्या लोखंडी वाटीला अंगठा टेकवला की चूप, उचलला की परत झर्रर्र. वाटीच्या चार स्क्रूंपैकी एकाचं भोक आतून भुसा होऊन गेलेलं, स्क्रू नुसता टेकलेला होता. भोकात फेविकॉल लावून दोन आगकाड्या खुपसल्या, रात्रभर सुकू दिलं, स्क्रू परत कसला, झालं.

आपल्या हवेत ही स्क्रूंची कटकट होतेच. पावसात प्लाय आणि एमडीएफ फुगतं, हिवाळ्यात आकसतं, आणि स्क्रू दरवर्षी थोडा थोडा सैल होतो, म्हणून ऑक्टोबर संपला की सगळे स्क्रू एकदा हाताने तपासायची सवय लावा. कसताना जीव काढू नका, लाकडाचं भोक खराब होतं.

बाहेर काही सापडलं नाही तर मागची फळी उघडा. फळी जिथे टेकते तिथे दोन लाकडांमध्ये फट असेल तर पातळ फोमची पट्टी चिकटवा, हवेची फुसफुस आणि खडखड दोन्ही जातात. आतल्या वायरी कोनला किंवा फळीला टेकताहेत का बघा, टेकत असतील तर बांधून घ्या. चार बाय बाराच्या आत पुढची फळी आणि मागची फळी जोडणारा ठोकळा असतो, त्याचा गोंद सुटला की खालचे सूर अख्खे घरघरतात, हे बाहेरून कधीच कळत नाही. मुठीने टकटक करत फिरा, घट्ट जोड ठाम वाजतो, सुटलेला फटफट करतो.

आता स्पीकर

दोन किंवा चार असतील तर आधी कुठला ते शोधा. पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटी तुकडा कानाला लावून दुसरं टोक एकेका कोनसमोर धरा, आवाज हळू ठेवूनच, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं काम करतो. खात्री करायची तर एकच स्पीकर जोडून ऐका, पण ओहमचं गणित सांभाळा: ८ ओहमच्या दोन बाय बारात १६ चे दोन स्पीकर पॅरलल असतील तर एकटा स्पीकर १६ चा, अ‍ॅम्पचा स्विच तिकडे करा.

मल्टीमीटर असेल तर अ‍ॅम्प सुटा करून स्पीकरचा रेझिस्टन्स मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, १६ चा साधारण ११ ते १३, ते बरोबर आहे, घाबरू नका. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. कोन हलकेच दाबताना आकडा उड्या मारत असेल तर टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी वेणीसारखी मऊ तार तुटायला आलीये. ती तार जास्त लांब असेल तर खालच्या सुरांना कोनवर आपटून टपटप पण करते, तेव्हा तिचा बाक किंचित बदला, ओढून ताठ करू नका.

कॉइल घासतेय का हे बघायची रीत अशी. दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या भोवती, कोनवर समान अंतरावर ठेवा, अगदी हलक्या हाताने दोनतीन मिलिमीटर सरळ आत ढकला आणि सोडा, कान जवळ. निरोगी स्पीकर काहीच बोलत नाही. घासत असेल तर सँडपेपरसारखी खसखस येते, कधी ऐकू येण्याआधी बोटांनाच कळते. एका बाजूने जास्त दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून समान दाब.

खसखस आली तरी लगेच हार मानू नका, आधी स्पीकरचे चारही बोल्ट अर्धा फेरा सैल करा आणि परत दाबून बघा. फळी सपाट नसली किंवा कुणी एक बोल्ट जोरात कसलेला असला तर स्पीकरची पत्र्याची फ्रेम पिळली जाते आणि कॉइल गॅपमध्ये तिरकी बसते, ती गॅप मिलिमीटरच्या अंशात असते, थोड्या पिळानेही घासायला लागते. सैल करून खसखस गेली तर स्पीकर ठीक आहे. जुन्या स्पीकरचा कोन स्वतःच्या वजनाने खाली बसला असेल तर स्पीकर १८० अंश फिरवून बसवला तरी खूपदा काम चालून जातं.

दुसरं कारण कचरा. गिटारवाल्याच्या खोलीतला सगळ्यात वाईट कचरा म्हणजे कापलेल्या तारांची टोकं. तारा बदलल्या, पक्कडीने टोकं उडवली, ती जमिनीवर राहिली, आणि शेजारी मागून उघडं कॅबिनेट, मॅग्नेट त्यांना ओढून घेतं. मॅग्नेटच्या मागे जाळीचं भोक असेल तर तिथे बघा, टोपी उसवली असेल तर तिच्या फटीत बघा. फूक मारून निघत नाही, मास्किंग टेपची चिकट बाजू बाहेर करून घडी घालायची आणि अलगद टिपून घ्यायचं. स्पीकर कधीही लोखंडी कामाच्या टेबलावर ठेवू नका, तिथला कीस गॅपमध्ये गेला की निघता निघत नाही.

कॅबिनेट पडलं असेल तर गोष्ट वेगळी, मॅग्नेटच जागेवरून सरकतं आणि कोन जाम होतो, मग कोन बदलून उपयोग नाही.

आता टॉर्च कोनच्या मागून धरा आणि पुढून अंधारात बघा, चीर असेल तर उजेड येतो. कडेची घडी, टोपीचा गोंद, आणि मागे कोनला धरणारी पिवळसर गोल जाळी, म्हणजे स्पायडर, फ्रेमपासून सुटलाय का, हे सगळं बघा. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने मुद्दाम स्पीकरचा कोन चिरून तो गाजलेला फाटका आवाज काढला होता, म्हणजे चीर काय करते ते जगाने ऐकलेलं आहे, फक्त आपल्याला ती नको असताना नको.

लहान चीर घरी जोडता येते. पांढरा फेविकॉल थोड्या पाण्यात पातळ करा, टिश्यू पेपरचा एकच पदर हाताने फाडून घ्या (कात्रीने कापला तर कडा जाड राहते), चिरेच्या मागून लावा, मग पुढून. एक रात्र सुकू द्या. चीर कडेच्या घडीवर असेल तर फेविकॉल कडक होऊन परत तडकतो, तिथे सुकल्यावर रबरासारखा लवचिक राहणारा गोंद पाहिजे. टोपी किंवा स्पायडर सुटलं असेल तर कोन न हलवता पातळ गोंद कडेने फिरवा, गॅपमध्ये एक थेंब जरी गेला तरी स्पीकर गेला.

काहीच बिघडलेलं नाही आणि तरी फाटतंय

मग ताकद बघा. सेलेशन ह्या स्पीकर कंपनीच्या ग्रीनबॅकचं रेटिंग २५ वॉट, व्हिंटेज ३० चं नाव ३० असलं तरी ६० वॉट, जी१२टी-७५ चं ७५. ५० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण चढवला की ५० वर थांबत नाही, क्लिप झाल्यावर बराच वर जातो, त्यामुळे स्पीकरचं एकूण रेटिंग अ‍ॅम्पच्या दुप्पट असावं असं मी तरी मानतो. एकच ग्रीनबॅक आणि ३० वॉटचा अ‍ॅम्प, बेस ८ वर, समोर ऑक्टेव्ह पेडल, मग खालचे सूर फुटणारच, तो बिघाड नाही. मागून उघड्या कॅबिनेटमध्ये कोनला मागच्या हवेचा आधार नसतो, तिथे हे आणखी लवकर होतं. बेस उतरवा, ड्रॉप ट्यूनिंग असेल तर बंद कॅबिनेट वापरा. आणि ग्रीनबॅकसारख्या स्पीकरचा मोठ्या आवाजात थोडा फुटलेला मऊ आवाज हाच त्याचा गुण आहे, तो दुरुस्त करायला जाऊ नका.

रिकोनिंगला द्यायचा असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, तिथे चौकशी केली की स्पीकरवाले सापडतात. पण बहुतेकांचं रोजचं काम डीजे आणि पीएच्या (कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरच्या) स्पीकरचं, त्यांचा कोन जड, कडेला कापड. गिटारच्या स्पीकरचा कोन पातळ कागदाचा, कडा पण त्याच कागदाची. पीएचा कोन लावला की स्पीकर वाजतो, पण गिटार ब्लँकेटखालून आल्यासारखी वाटते. देताना मूळ कोन दाखवा, तसाच किट मिळेल का विचारा, मिळत नसेल तर तो स्पीकर तसाच ठेवून नवा घेतलेला बरा. कंपनीचा लेबल असलेला जुना अल्निको मॅग्नेटवाला असेल तर मूळ कोन फेकू देऊ नका, परत मागून घ्या.

परत बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, गाडीच्या चाकाचे नट कसतो तसे. शेवटचा फेरा फक्त पुरेसा, स्पीकरची गॅस्केट जरा दबली की थांबा. दोन स्पीकर असतील तर दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला, म्हणजे पुढे, उडी मारायला हवेत, काही जुन्या जेबीएलमध्ये उलटं असतं. एक पुढे, एक मागे गेला तर फाटत नाही पण बेस गायब होतो आणि मग लोक परत अ‍ॅम्पला दोष देत बसतात. फळी लावायच्या आधी तोच टोन परत ६० पासून ४०० पर्यंत फिरवा आणि लिहून ठेवलेल्या आकड्यावर थांबून ऐका, मगच शेवटचे स्क्रू कसा.